मेल येतात पण जात नाहीत, आउटबॉक्समध्येच अडकतात: दरवेळी कारण वेगळं निघतं

"भाऊ, मेल येस, पण जास नही."

सकाळी साडेनऊला सावद्याहून फोन. केळीच्या व्यापाऱ्याचं ऑफिस, रात्री कंटेनर भरून न्हावा शेवाकडे निघालेला, आणि त्याचं इन्व्हॉइस नि पॅकिंग लिस्ट अजून आउटबॉक्समध्येच पडलेली. एजंटचा तिकडून फोनवर फोन. या एकाच ऑफिसातून हा वर्षभरातला चौथा फोन, आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं, म्हणून म्हटलं हे एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, कारण रावेर, यावल, भुसावळ, जळगाव, जिथे जिथे मी कॉम्प्युटरच्या कामाला जातो तिथे हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि बहुतेक लोक पहिलं काम काय करतात तर मेलचा प्रोग्राम काढून टाकतात आणि नव्याने टाकतात. कृपा करून तसं करू नका. त्यात अर्धा दिवस जातो, पीओपीवर (मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) असाल तर जुने मेल फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर असू शकतात, ते हातचे जायची भीती असते, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मेल येणं आणि मेल जाणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. येणारे मेल आयमॅप किंवा पीओपीने येतात, आयमॅपचा सुरक्षित पोर्ट (सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) ९९३ आणि पीओपीचा ९९५. जाणारा मेल एसएमटीपीने जातो, त्याचा सर्व्हर वेगळा, पोर्ट वेगळा, आणि प्रोग्राममध्ये त्याचा पासवर्डसुद्धा वेगळा साठवलेला असतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर येणारा मेल म्हणजे आपल्याच गोडाऊनचं कुलूप उघडून माल बघणं, आणि जाणारा मेल म्हणजे आपला ट्रक दुसऱ्याच्या रस्त्यावर काढणं, तिथे बिल्टी बघणारच. म्हणून "मेल येतात म्हणजे सेटिंग बरोबरच आहे" हे म्हणणं बरोबर नाही. येण्याची सेटिंग बरोबर आहे, एवढंच त्यातून कळतं.

मग फोन आला की मी आधी तीन गोष्टी विचारतो, पाच मिनिटांचं काम आहे. मेल आउटबॉक्समध्ये आहे की सेंटमध्ये गेलाय? सेंटमध्ये गेला असेल आणि नंतर मेलर डेमनच्या (सर्व्हरच्या आपोआप येणाऱ्या निरोपाच्या) नावाने परत आला असेल तर तुमच्या प्रोग्रामने त्याचं काम केलेलं असतं, तो प्रश्न पुढच्या माणसाच्या पत्त्याचा, त्याच्या भरलेल्या मेलबॉक्सचा किंवा तुमच्या डोमेनच्या (नेटवरच्या स्वतःच्या नावाच्या) नोंदींचा असू शकतो, त्याचा इथे संबंध नाही. दुसरं, तोच अकाउंट ब्राउझरमध्ये उघडून तिथून मेल पाठवून बघा. गेला तर अकाउंट ठणठणीत आहे, दोष तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये किंवा नेटमध्ये. तिसरं, ऑफिसचं नेट बंद करा, मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि त्याच प्रोग्राममधून पाठवा. हॉटस्पॉटवर गेला आणि ऑफिसच्या नेटवर नाही गेला, तर सेटिंगच्या मागे लागण्याआधी रस्ता तपासायचा.

रस्त्याचीच गोष्ट आधी सांगतो. धुळ्याला हायवेजवळ एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, त्यांनी इंटरनेट कनेक्शन बदललं आणि त्याच दिवसापासून मेल जाणं बंद. येत सगळे होते. हॉटस्पॉटवर लगेच गेला. सेटिंग उघडून बघितली तर जाणाऱ्या सर्व्हरचा पोर्ट २५, कोणीतरी खूप वर्षांपूर्वी टाकलेला. हा २५ नंबर एसएमटीपीचा सगळ्यात जुना पोर्ट. जॉन पोस्टेलने १९८२ मध्ये एसएमटीपीचे नियम लिहिले तेव्हा त्यात पासवर्ड ही भानगडच नव्हती, कोणीही सर्व्हरला मेल द्यावा आणि सर्व्हरने पुढे ढकलावा. पुढे त्याच दारातून स्पॅमचा लोंढा यायला लागला, मग १९९८ मध्ये ग्राहकाने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट ठरवला गेला आणि १९९९ मध्ये एसएमटीपीला पासवर्डची सोय अधिकृतपणे आली. आता २५ हा सर्व्हर ते सर्व्हर बोलण्यासाठी ठेवलाय, आणि पुष्कळ इंटरनेट कंपन्या साध्या ग्राहकाच्या कनेक्शनवर तो बाहेर जाणारा पोर्ट बंदच ठेवतात. ते चांगलंच आहे, नाहीतर व्हायरस लागलेल्या एखाद्या कॉम्प्युटरमधून रातोरात हजारो मेल जातील. धुळ्याला पोर्ट ५८७ केला, एन्क्रिप्शनमध्ये (मध्ये कोणाला वाचता येऊ नये ती सोय) स्टार्टटीएलएस निवडलं, काम झालं.

यात एक बारीक गोम आहे. ४६५ आणि ५८७ दोन्ही चालतात पण दोघांची जोडी वेगवेगळी. ४६५ ला कनेक्शन पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्टेड असतं, तिथे एसएसएल किंवा एसएसएल/टीएलएस निवडायचं. ५८७ ला आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग स्टार्टटीएलएसने ते सुरक्षित होतं, तिथे स्टार्टटीएलएस निवडायचं, जुन्या आउटलुकमध्ये त्यालाच नुसतं टीएलएस लिहिलेलं असतं. जोडी उलटी लावली की बऱ्याचदा एररसुद्धा धड येत नाही, नुसतं गोल फिरत राहतं आणि दोन मिनिटांनी टाइमआउट म्हणतं. लोकांना वाटतं नेट स्लो आहे. पोर्ट उघडा आहे का हे बघायचं असेल तर विंडोजमध्ये टेलनेट चालू करून कमांडमध्ये टेलनेट, सर्व्हरचं नाव आणि ५८७ असं लिहा, समोरून २२० ने सुरू होणारी ओळ आली म्हणजे दार उघडं आहे. काळी स्क्रीन तशीच राहिली किंवा कनेक्ट होत नाही असं म्हटलं तर बहुधा मध्ये कोणीतरी अडवतंय, राउटर, अँटिव्हायरस नाहीतर इंटरनेट कंपनी. ही तपासणी ५८७ वरच करा, ४६५ वर नको, तिथे सुरुवातच एन्क्रिप्टेड असल्यामुळे २२० दिसत नाही आणि उगाच गैरसमज होतो.

आता पासवर्ड. माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त याच्याच, आणि सावद्याची चौथी वेळही हीच होती. तिथे मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम आहे आणि अकाउंट जीमेलचा. शेठनी आदल्या रात्री मोबाईलवरून जीमेलचा पासवर्ड बदलला, चांगल्या हेतूने बदलला, ऑफिसमध्ये कोणाला सांगायचं राहून गेलं. सकाळी पोराने थंडरबर्ड उघडलं, गुगलची लॉगिनची खिडकी आली, त्याने फोनवर विचारून नवीन पासवर्ड टाकला, मेल धडाधड यायला लागले, त्याला वाटलं झालं. पण जाणाऱ्या बाजूला मी पूर्वी ॲप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गुगलकडून बनवून घेतलेला वेगळा पासवर्ड, टाकून ठेवला होता, आणि गुगल अकाउंटचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. म्हणजे एका बाजूला नवी किल्ली, दुसऱ्या बाजूला रद्द झालेली. एररमध्ये ५३५ नंबर, म्हणजे लॉगिन नाकारलं, स्पष्ट लिहिलेला होता, पण खिडकी आली की लोक न वाचताच ओके दाबतात.

जीमेलचं थोडं जास्त सांगतो कारण आपल्याकडे निम्म्याहून जास्त ऑफिसांची कामं जीमेलवरच चालताना मी बघतो. ३० मे २०२२ पासून गुगलने साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत सोडणं थांबवलं. त्यामुळे थंडरबर्डमध्ये किंवा जुन्या आउटलुकमध्ये रोजचा लॉगिनचा पासवर्ड कितीही बरोबर टाका, तो नाहीच म्हणणार. दोन मार्ग उरतात. एक, अकाउंटला टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि मग ॲप पासवर्ड तयार करायचा, १६ अक्षरांचा असतो, चार चार अक्षरांच्या गटात दिसतो, तो पासवर्डच्या जागी टाकायचा. दुसरा, प्रोग्रामला ओऑथ२ येत असेल तर तेच निवडायचं, मग पासवर्ड प्रोग्राममध्ये साठवावाच लागत नाही, गुगलच्या खिडकीत एकदा लॉगिन केलं की झालं. माझं स्पष्ट मत आहे की जिथे ओऑथ२ चालतं तिथे ॲप पासवर्डच्या मागे लागूच नका. सावद्याला मी आता तेच केलं. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंगमध्ये डावीकडे अगदी तळाला आउटगोइंग सर्व्हर म्हणून वेगळी ओळ असते, ती अकाउंटच्या आत नसून बाहेर असते म्हणून भल्याभल्यांना सापडत नाही, तिथे जाऊन ऑथेंटिकेशनची (ओळख पटवायची) पद्धत ओऑथ२ केली. मग सेव्ह केलेल्या पासवर्डच्या यादीत जाऊन एसएमटीपी ने सुरू होणारी जुनी नोंद पुसली. त्या यादीत आयमॅपची नोंद वेगळी आणि एसएमटीपीची वेगळी दिसते, एकदा उघडून बघाच, मी वर म्हटलं ते दोन रस्ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतील.

हॉटमेल, आउटलुक डॉट कॉमवाल्यांसाठी थोडक्यात, मायक्रोसॉफ्टने या अकाउंट्सना १६ सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड बंद केला. तिथे जुनं आउटलुक २०१० वगैरे घेऊन झगडत बसू नका, नवीन प्रोग्राम लावा किंवा ब्राउझरमधून वापरा. त्यात येणारे मेलही बंद होतात, त्यामुळे ती केस ओळखायला सोपी.

स्वतःचं डोमेन असलेल्यांची गोष्ट वेगळी. जळगावला एमआयडीसीत एक डाळ मिल आहे, तिथले दिवाणजी काका मला म्हणाले, "अहो, कधी जातो, कधी जात नाही, सकाळी पहिला मेल तर हमखास अडकतो, मग थोड्या वेळाने आपोआप जातो." आपोआप काही होत नसतं. बघितलं तर आउटलुकमध्ये मोअर सेटिंग्जच्या आत आउटगोइंग सर्व्हरच्या टॅबवर "सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं" या चौकटीत टिकच नव्हती. त्यांच्या हॉस्टिंगवाल्याच्या जुन्या सर्व्हरची पद्धत अशी होती की तुम्ही आधी पीओपीने मेल तपासले की तुमच्या आयपी पत्त्याला (नेटवरच्या तुमच्या नंबरला) काही मिनिटं मेल पाठवू द्यायचं. म्हणजे काकांनी मेल तपासून लगेच पाठवला तर जायचा, चहा पिऊन आल्यावर पाठवला तर ५५० आणि रिलेईंग डिनाइड, म्हणजे मेल पुढे ढकलायला नकार. वर्ष दोन वर्षं हे असंच चाललं होतं, रोज सकाळी त्या माणसाला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. एक टिक केली, "इनकमिंगसारखंच लॉगिन वापरा" हे निवडलं, दोन मिनिटांचं काम. तुमच्याकडे मेल कधी जातो आणि कधी जात नाही असं होत असेल तर ही चौकट सगळ्यात आधी बघा. युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता आहे ना तेही बघा, नुसतं @ च्या आधीचं नाव बहुतेक हॉस्टिंगवर चालत नाही.

त्याच मिलमध्ये पुढच्या मे महिन्यात परत फोन. यावेळी मजकूर वेगळा, सर्टिफिकेट बरोबर नाही म्हणे. आपल्याकडचा मे तुम्हाला माहितीये, पारा पंचेचाळीसच्या वर, त्यात लाईटचा लपंडाव, म्हणून काका संध्याकाळी घरी जाताना बोर्डावरून मेन स्विचच बंद करत होते. मी गेलो तेव्हा कोपऱ्यातलं घड्याळ कित्येक वर्षं मागचं दाखवत होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, नाण्यासारखा गोल असतो तो. पूर्वी रात्री स्विच चालू असायचा म्हणून तारीख टिकायची, आता टिकत नव्हती. तारीख मागे गेली की कॉम्प्युटरच्या हिशोबाने सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, अजून सुरूच झालेलं नसतं, मग तो सुरक्षित कनेक्शन नाकारतो. आता प्रश्न असा की मग मेल येत कसे होते? तर येणारी बाजू अजून जुन्या ११० पोर्टवर, विना एन्क्रिप्शन, तिथे सर्टिफिकेटचा विषयच नाही. सेल बदलला, तारीख लावली, मेल गेला. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही, ११० वर तुमचा पासवर्ड उघडा जातो, ज्याला मध्ये बघता येईल त्याला सरळ वाचता येतो, म्हणून ती बाजू ९९५ वर नेऊन एसएसएल लावून दिलं. तुम्हीही आज तुमची सेटिंग उघडून ११० किंवा १४३ दिसतंय का आणि त्याच्यासमोर एन्क्रिप्शन "नाही" आहे का एवढं बघा. हे मेल जाण्याशी संबंधित नाही तरी सांगतोय, कारण पासवर्ड चोरीला गेला की मग तुमच्याच नावाने दुसरं कोणीतरी मेल पाठवतं.

मोठ्या फाईली. केळीच्या धंद्यात फोटो फार लागतात, घडाचे, पॅकिंगचे, कंटेनरच्या आतले, सीलचे. आजकालच्या मोबाईलचा एक फोटो चार पाच एमबीचा, असे दहा टाकले की मेल जाड होतो. आणि लोकांना हे माहिती नसतं की मेलमधून फाईल जाताना तिचं रूपांतर अक्षरांत होतं, तीन बाइटचे चार होतात, त्यामुळे २० एमबीची फाईल रस्त्यात साधारण २७ एमबी होते. जीमेलला अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी. मर्यादा ओलांडली की ५५२, म्हणजे मेल फार मोठा, असा एरर येतो, किंवा वर्तुळ फिरतच राहतं. खरा त्रास पुढे आहे, हा जाड मेल आउटबॉक्सच्या तोंडाशी बसतो आणि मागचे छोटे मेलही त्याच्यापायी अडकून बसू शकतात. तो काढायचा कसा, तर आउटलुकमध्ये सेंड रिसीव्हच्या टॅबवर जाऊन वर्क ऑफलाइन दाबा, म्हणजे तो पाठवायचा प्रयत्न सोडून देईल, मग मेल आउटबॉक्समधून ड्राफ्टमध्ये ओढा, फोटो काढा, ड्राइव्हची लिंक टाका. आणि वर्क ऑफलाइन परत बंद करायला विसरू नका. ते चुकून दाबलं गेल्यामुळे मेल जात नाही अशाही केसेस असतात, त्यात मात्र मेल येणंही बंद होतं.

आउटबॉक्सबद्दल अजून एक. आउटलुकमध्ये वाट बघणाऱ्या मेलचं नाव तिरक्या अक्षरात दिसतं. तुम्ही तो आउटबॉक्समधून उघडून नुसता बघितला आणि बंद केला तर तिरकेपणा जातो, आणि तो मेल आता पाठवायचा आहे हे आउटलुक विसरतं. परत उघडून सेंड दाबावं लागतं. सारखं उघडून बघणाऱ्या माणसाचा मेल यामुळेच तिथे तासन्‌तास राहतो.

मग पतसंस्थेची केस. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर अखेरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे त्या सुमाराला सभासदांना नोटीस पाठवायची धावपळ. एका संस्थेने साध्या जीमेलवरून सातशे सभासदांना नोटीस पाठवायला घेतली आणि मध्येच सगळं ठप्प. साध्या जीमेल अकाउंटला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, ती ओलांडली की पाठवणं थांबतं, साधारण २४ तासांच्या आत पुन्हा सुरू होतं. यात सेटिंगला हात लावायचा नाही, पासवर्ड बदलायचा नाही, थांबायचं. तिथल्या मॅडम बिचाऱ्या घाबरल्या होत्या की अकाउंट गेला. नोटीस दोन तीन दिवसांत विभागून पाठवली की झालं, फक्त शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका.

अँटिव्हायरसमध्ये मेल स्कॅन नावाचा भाग असतो, तो जाणाऱ्या मेलच्या मध्ये बसतो आणि कधी अपडेट झाल्यावर अडवतो. तपासायला फक्त तेवढा भाग पाच मिनिटं बंद करून बघा, पूर्ण अँटिव्हायरस नको. विंडोज ७ वर असाल तर तिथलं जुनं आउटलुक बऱ्याचदा टीएलएस १.० या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीनेच बोलतं, आणि ते जुने टीएलएस २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले, सर्व्हरवाले एकेक करून ते बंद करतायत. विंडोज ७ चा सपोर्टच १४ जानेवारी २०२० ला संपला. तिथे थंडरबर्डची विंडोज ७ वर चालणारी जुनी आवृत्ती टाकून तात्पुरतं निभावतं कारण ते स्वतःचं टीएलएस घेऊन येतं, पण कॉम्प्युटर बदलायचा विचार खरंच करा.

मला किंवा दुसऱ्या कोणालाही फोन करायच्या आधी एररचा पूर्ण फोटो काढा. नुसतं "एरर येते" सांगितलं की पहिले पंधरा मिनिटं अंदाजात जातात. त्यात तीन आकडी नंबर शोधा. ४ ने सुरू होणारा, ४२१ वगैरे, म्हणजे सर्व्हर म्हणतोय थोड्या वेळाने या. ५ ने सुरू होणारा म्हणजे तो ठाम नाही म्हणतोय, कितीही वेळा पाठवा, कारण काढल्याशिवाय जाणार नाही. नंबरच नसेल आणि नुसतं कनेक्ट होत नाही असं असेल तर पोर्ट, एन्क्रिप्शन नाहीतर नेट. एका कागदावर सर्व्हरचं नाव, पोर्ट, एन्क्रिप्शन कोणतं आणि ॲप पासवर्ड कोणत्या तारखेला बनवला एवढं लिहून कॅबिनेटच्या बाजूला चिकटवा, पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. सावद्याच्या पोराने तो कागद लावलाय आणि खाली शेठसाठी मोठ्या अक्षरात लिहिलंय, पासवर्ड बदलल्यास ऑफिसला सांगणे.

आणि दुरुस्त झाल्या झाल्या आधी आउटबॉक्स उघडा. मेल जात नाही म्हणून त्या पोराने तेच इन्व्हॉइस सात वेळा नव्याने बनवून सेंड केलं होतं, सातही रांगेत उभे होते. मी एक ठेवून सहा काढले आणि मगच तो पाठवला, नाहीतर एजंटकडे एकाच कंटेनरची सात बिलं गेली असती आणि दिवसभर तेच निस्तरत बसावं लागलं असतं.